कंपनीला कळवायचं तर असं कळवा: कमी कचरा आणि बरी सेवा मागण्याचा क्रम

नाशिकमधलं कॉलेज रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक फोटो पडतोच. बोटभर वस्तू, पाटाएवढं खोकं आणि आत हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या उश्या. खाली चारपाच रागावलेले चेहरे, कुणाचं तरी ‘टॅग करा यांना’, आणि मग पाण्याच्या टँकरचा विषय निघतो. ज्यांनी खरोखर कंपनीला लिहिलेलं असतं त्यांनाही ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढंच छापील उत्तर येतं. कंपनी दरवेळी निगरगट्टच असते असं नाही. बरेचदा आपण लिहितोच असं की वाचणाऱ्याला त्याचं काय करावं ते कळत नाही. म्हणून हा क्रम. मधली पायरी गाळून पुढे उडी मारू नका, बहुतेकांचं तिथंच फसतं.

टप्पा १ : तक्रार आणि सूचना वेगळ्या करा

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून ती आधी. ग्राहक सेवेकडे आलेल्या प्रत्येक पत्राला तिकीट नंबर पडतो आणि ते तिकीट लवकर बंद करणं हे तिथल्या माणसाचं काम असतं. तुम्ही लिहिता, ‘कुकरचं झाकण चेपलेलं आलं, बदलून द्या, आणि एवढं थर्माकोल कशाला भरता?’ तो झाकण बदलून देतो आणि तिकीट बंद करतो. थर्माकोलचा प्रश्न त्याच तिकिटात पुरला जातो, आणि कागदोपत्री तुम्ही समाधानी ग्राहक ठरता.

तेव्हा ज्यात पैसे, बदली किंवा दुरुस्ती मागायची आहे ती तक्रार आधी करा आणि ती पूर्ण मिटू द्या. मग चारआठ दिवसांनी सूचनेचं स्वतंत्र पत्र पाठवा. त्यात जुन्या भांडणाचा उल्लेखही नको.

याला एक अपवाद आहे, दुरुस्तीचा. मिक्सरचा कपलर झिजला आणि सेवा केंद्रातला माणूस म्हणाला, ‘पार्ट येत नाही, नवीन जारच घ्या’, तर तिथे बरी सेवा आणि कमी कचरा या दोन मागण्या उरतच नाहीत, एकच होते. अशा वेळी एकच पत्र लिहा आणि सुटा भाग व त्याची किंमत मागा. त्याआधी केंद्र सरकारचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये ते सुरू झालं. मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं आणि शेतीची अवजारं या चार गटांतल्या कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती तिथे एकत्र केली जाते. कंपनी तिथे एक सांगते आणि सेवा केंद्रातला माणूस दुसरं, असं दिसलं तर पत्राचं निम्मं काम तिथेच झालं.

*सावध :* ‘पैसे परत केले नाहीत तर तुमच्या प्लॅस्टिकबद्दल पोस्ट टाकीन’ असं लिहू नका. कंपनीच्या लेखी ती धमकी ठरते, आणि पुढे तुमची खरी सूचनाही त्याच नजरेनं वाचली जाते.

टप्पा २ : वेष्टन फेकण्याआधी पुरावा गोळा करा

राग येतो तेव्हा पाकीट घंटागाडीत गेलेलं असतं. ज्या वस्तूबद्दल लिहायचं तिचं सगळं वेष्टन आठवडाभर एका पिशवीत ठेवा.

पाकीट फोडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. बॅच नंबर आणि पॅकिंगचा महिना बहुधा पाकिटाच्या चुण्या पडलेल्या वरच्या कडेवर बारीक काळ्या ठिपक्यांनी उमटवलेला असतो. तेलकट बोट लागलं की तो पुसतो, आणि कात्रीनं पाकीट कापताना नेमका तोच तुकडा जातो. बॅच नंबर नसला की कंपनीकडून पहिलं उत्तर ‘कृपया बॅच क्रमांक कळवा’ एवढंच येतं आणि आठवडा त्यातच जातो. सोबत छापील किंमत, निव्वळ वजन, कुठून घेतलं आणि बिल.

आता स्वयंपाकघरातला काटा काढा. आधी वस्तू मोजा, मग वेष्टनाचा एकेक थर वेगवेगळा. दिवाळीतला सुकामेव्याचा डबा घ्या. बाहेरची पारदर्शक फिल्म, पुठ्ठ्याचं खोकं, आतला प्लॅस्टिकचा साचा, साच्यात काजू-बदामाच्या वेगळ्या पुड्या आणि वर सोनेरी कागद. ‘फार प्लॅस्टिक आहे’ या वाक्याला कुणी उत्तर देत नाही. ‘२०० ग्रॅम मालाला ६५ ग्रॅम वेष्टन, त्यातलं ३० ग्रॅम प्लॅस्टिक’ असं लिहिलं की समोरच्याला निदान आकडा खरा आहे का ते तपासावं लागतं.

प्रत्येक प्लॅस्टिकवर त्रिकोणातला आकडा शोधा, तो प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई, ४ म्हणजे एलडीपीई, ५ म्हणजे पीपी. ७ म्हणजे बाकी सगळं, त्यात चकचकीत थर एकमेकांना चिकटवलेल्या पुड्याही येतात. मग गल्लीत भंगारवाला आला की त्याला ते सगळं दाखवा आणि विचारा, ‘भाऊ, यातलं काय घेणार?’ पुठ्ठा घेईल, बाटली घेईल. वेफर्सच्या पाकिटाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. ‘आमच्या भागात हे वेष्टन भंगारवालासुद्धा घेत नाही’ हे वाक्य पत्रात जसंच्या तसं घाला. पाकिटावर कितीही मोठी पुनर्वापराची खूण छापलेली असो, नाशिकमध्ये त्या पाकिटाचं पुढे काय होतं हे मुख्यालयात बसलेल्या माणसाला ठाऊक नसतं. ही माहिती फक्त तुमच्याकडे आहे.

*तपासा :* फोटो मोठा करून पाहिल्यावर बॅच नंबर वाचता येतो का? नसेल तर पुन्हा काढा.

टप्पा ३ : निर्णय कोणाच्या हातात आहे ते शोधा

अंबड, सातपूर, सिन्नरच्या बऱ्याच कारखान्यांत दुसऱ्याच्या नावानं माल तयार होतो. पाकिटावर ‘उत्पादक’ म्हणून सातपूरचा पत्ता दिसतो आणि लोक तिथे लिहितात. तो बिचारा ब्रँडनं जे वेष्टन ठरवून दिलं त्यात माल भरतो. पाकिटावर ‘विपणन’ किंवा ‘मार्केटेड बाय’ असं ज्याचं नाव आहे, पत्र त्याला जायला हवं.

पत्ता शोधत बसावं लागत नाही. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या वैध मापन नियमांप्रमाणे तक्रारीसाठीचं नाव, पत्ता, फोन आणि ई-मेल पाकिटावरच छापावा लागतो. ऑनलाइन खरेदीत मात्र थोडा गुंता आहे. खोकं कधी विक्रेता निवडतो, तर कधी ज्या अ‍ॅपवरून किंवा संकेतस्थळावरून मागवलं त्या मंचाचं गोदाम. बाहेरच्या खोक्यावर मंचाचं नाव आणि त्याचीच चिकटपट्टी असेल तर मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. वस्तूच्या खालच्या परीक्षणात खोक्याबद्दल लिहून उपयोग नाही. ते वस्तूबद्दल नाही म्हणून काही मंच काढूनच टाकतात.

गल्लीतल्या दुकानाची गोष्ट वेगळी. तिथे पत्रबित्र नको, पण वेळ साधावी लागते. रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलात टोकन घेऊन लोक ताटकळत असताना ‘पार्सलची तर्री पातळ पिशवीत का देता’ असं मालकाला विचाराल तर तो तुमच्याकडे बघणारही नाही. तेच दुपारी चारला जा. गल्ल्यावर मालक निवांत असतो. ‘मालक, स्टीलचा डबा आणला तर भरून द्याल का? मापाची अडचण आहे का?’ एवढंच विचारा. बहुधा त्याची अडचण मापाचीच असते. पोऱ्याला डब्यात किती तर्री ओतायची ते कळत नाही, पिशवीचं माप त्याच्या हातात बसलेलं असतं. ‘तुमच्या वाटीनं मोजून घाला’ म्हटलं की गाडी पुढे सरकते.

कंपनी मोठी आणि शेअर बाजारात नोंदलेली असेल तर आणखी एक गोष्ट करा, ती फारसं कुणी करत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीनं बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला आहे. ‘बीआरएसआर’ या नावानं तो वार्षिक अहवालात सापडतो. कचरा, पाणी, वीज यांचे आकडे त्यात असतात, ग्राहकांच्या किती तक्रारी आल्या आणि किती प्रलंबित राहिल्या तेही असतं. त्यातलं वेष्टनाबद्दलचं वाक्य शोधून पान क्रमांकासह पत्रात टाका. आपणच छापलेल्या वाक्याला ‘आमचं असं काही धोरण नाही’ म्हणता येत नाही.

*सावध :* ग्राहक सेवेचा नंबर गुगलवर शोधू नका, पाकिटावरचा किंवा अ‍ॅपमधलाच घ्या. खोटे नंबर टाकून बसलेल्या टोळ्या आहेत. ‘परतावा देतो, ओटीपी सांगा’ किंवा ‘हे अ‍ॅप डाउनलोड करा’ म्हणणारा कंपनीचा माणूस नव्हे.

टप्पा ४ : ही विनंती आहे की कंपनीचं बंधनच, ते ठरवा

जे कायद्यानं आधीच करायचं आहे ते आपण हात जोडून मागतो, आणि जे ऐच्छिक आहे त्यासाठी कारवाईची भाषा करतो. दोन्हीकडे पत्राचं वजन जातं.

१ जुलै २०२२ पासून देशभर बंद असलेल्या वस्तूंत प्लॅस्टिकचे चमचे, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ, ताटल्या, कप, ग्लास आणि ट्रे येतात. मिठाईच्या खोक्याभोवती गुंडाळायची फिल्मही त्यातच आहे, तेव्हा दिवाळीत ती दिसली तर ती विनंतीची बाब नाही. प्लॅस्टिकची कॅरीबॅग १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही, हा नियम ३१ डिसेंबर २०२२ पासूनचा. महाराष्ट्राची स्वतःची बंदीची अधिसूचना मार्च २०१८ ची आहे आणि तिच्यात पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे.

पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ लिहिलं असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक मागा. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘निसर्गस्नेही’ असले शब्द कुठल्याही खुलाशाशिवाय मिरवत असतील तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घ्या. दाव्याला पुरावा हवा आणि तो ग्राहकाला पाहता यायला हवा, असं ती सांगतात. याउलट आतला साचा काढून टाकणं, रिफिलचं पाकीट आणणं, खोकं लहान करणं या साऱ्या विनंत्या. तिथे कायद्याचं कलम फेकलं तर कंपनीचा विधी विभाग उत्तर देतो, आणि विधी विभागाचं उत्तर कधीच कामाचं नसतं.

टप्पा ५ : पत्र लिहा. एक वस्तू, एक बदल, एक प्रश्न

दहा मागण्या केल्या की कंपनी त्यातली सगळ्यात सोपी उचलते आणि ‘आपल्या सूचनांवर काम सुरू आहे’ म्हणते. एकच मागा. आणि ती अशी मागा की उत्तरात हो, नाही किंवा तारीख यांपैकी काहीतरी यावंच लागेल. प्रश्नचिन्ह नसलेल्या पत्राला आभार मिळतात, उत्तर मिळत नाही.

जमलं तर सवयच बदलायला सांगा. २०२१ मध्ये झोमॅटोनं चमचे-काट्यांचा नियम उलटा केला. आधी नको असतील तर तशी खूण करावी लागे, मग हवे असतील तर करावी लागू लागली. ग्राहकाला उपदेश नाही, कंपनीला खर्च नाही. ‘जो मागेल त्यालाच द्या’ ही मागणी म्हणूनच चटकन मान्य होण्यासारखी असते. कंपनीचे पैसे वाचत असतील तर ते स्पष्ट लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कागदी बिल सोडणाऱ्याला महावितरणनं ‘गो-ग्रीन’मध्ये दर बिलामागे १० रुपये सूट दिली तीही कागद, छपाई आणि वाटप वाचतं म्हणूनच.

नमुना असा :

> विषय : सुकामेवा भेटडबा, २०० ग्रॅम – आतील प्लॅस्टिक साचा – बॅच क्र. …
>
> महोदय,
> मी आपला हा डबा नाशिकमधील … या दुकानातून … तारखेला घेतला. मालाबद्दल तक्रार नाही.
> डब्याचं वेष्टन घरी मोजलं. एकूण ६५ ग्रॅम, त्यापैकी आतला साचा २२ ग्रॅम (फोटो सोबत). माल चार बंद पुड्यांत असल्यामुळे साचा काढला तरी तो सांडत नाही. आमच्या भागात हा साचा भंगारात घेतला जात नाही.
> पुढच्या सणाच्या मालात हा साचा काढता येईल का? येत नसेल तर त्यामागचं कारण कळवावं.
> आपल्या वेष्टन विभागाचं उत्तर १५ दिवसांत मिळावं ही विनंती.

‘मालाबद्दल तक्रार नाही’ हे वाक्य गाळू नका. ते नसलं तर दुसऱ्या दिवशी ‘आपल्याला बदली डबा पाठवतो’ असा फोन येतो, एका डब्याचे दोन होतात. ‘वेष्टन विभागाचं उत्तर’ हे शब्दही मुद्दाम आहेत. त्यामुळे पत्र ग्राहक सेवेच्या टेबलावरून पुढे ढकलायला तिथल्या मुलीला कारण मिळतं.

गोदावरी, पुढची पिढी, पृथ्वीचं भवितव्य हे सगळं पत्राबाहेर ठेवा. खरं असलं तरी मुंबई-गुरुग्रामच्या टेबलावर त्याला रकाना नसतो. स्थानिक डेअरी किंवा फरसाणवाल्याला लिहिताना मात्र गोदाघाटाचं नाव जरूर घ्या, त्याचं पाकीट त्यानं स्वतःही तिथे पडलेलं पाहिलेलं असतं.

भाषा? मराठीत बिनधास्त लिहा. फक्त वरच्या नमुन्यात मराठीत दिलेली विषयाची ओळ पाठवताना इंग्रजीत करा, कारण पत्रं विभागून देणारा माणूस मराठी असेलच असं नाही.

*तपासा :* पत्र मोठ्यानं वाचा. एका मिनिटाच्या वर गेलं तर कापा. त्यात कुठल्याही कर्मचाऱ्याचं नाव आलं असेल तर काढा.

टप्पा ६ : पाठवा, आणि याच क्रमानं

१. आधी पाकिटावरच्या ई-मेलला. फोनवरून सुरुवात नको, फोनवर सांगितलेली सूचना टिपून घेणारा क्वचितच भेटतो.

२. तिकीट नंबर आला की वहीत लिहा. ई-कॉमर्स मंचानं ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायला हवं, तेव्हा तिथे तारीख लिहून ठेवणं जास्तच गरजेचं.

३. पंधरा दिवसांत काही आलं नाही तर त्याच मेलला उत्तर म्हणून स्मरणपत्र. नवीन मेल पाठवलात तर नवीन तिकीट पडतं आणि जुनं आपोआप बंद होतं.

४. त्यानंतरही शांतता असेल तर समाजमाध्यमावर पोस्ट. फोटो, तिकीट नंबर, पत्राची तारीख, तोच एक प्रश्न. शिव्या नाहीत.

लोक चौथ्यापासून सुरुवात करतात. मग समाजमाध्यम सांभाळणारी एजन्सी ‘डीएम करा’ म्हणते, आणि वेष्टन ठरवणाऱ्यापर्यंत काहीही पोचत नाही.

टप्पा ७ : उत्तर नीट वाचा

‘आम्ही पर्यावरणाप्रती कटिबद्ध आहोत’ हे उत्तर नव्हे. त्यावर एकच ओळ पाठवा : ‘धन्यवाद. साच्याबद्दलचा प्रश्न अनुत्तरित आहे, तिकीट कृपया बंद करू नये.’

‘नाही’ आलं आणि कारण दिलं, तर ते चांगलं उत्तर आहे. वाहतुकीत माल फुटतो, ओल लागते, साच्याचा वर्षभराचा साठा भरून ठेवलाय, अशी कारणं खरी असू शकतात. साठ्याचं कारण असेल तर तो कधी संपतो ते विचारा आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

कूपन आलं तर? घ्यायचं की नाही तुमचं तुम्ही ठरवा. मी घेत नाही, कारण ते स्वीकारलं की बहुतेक ठिकाणी प्रश्न मिटल्याची नोंद होते.

टप्पा ८ : इतरांना सोबत घ्या, पण एकच मजकूर फिरवू नका

सोसायटीतल्या चाळीस जणांनी तोच मजकूर चिकटवून पाठवला तर ते सगळे एकाच तिकिटात जमा होतात. त्यापेक्षा पाच घरांनी आपापला डबा मोजावा, आपापला बॅच नंबर घालावा आणि आपल्या शब्दांत लिहावं. वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेला माल असेल तर ती एकाची तक्रार राहत नाही. किराणा दुकानदारालाही सांगून ठेवा. कंपनीचा सेल्समन ऑर्डर घ्यायला येतो तेव्हा ‘गिऱ्हाईक हे विचारतं’ असं शेठनं म्हणणं आपल्या तीन मेलच्या बरोबरीचं.

टप्पा ९ : वर जायचं असेल तर योग्य दार

सेवेची तक्रार अडली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथेही नाही मिटली तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पाकिटावरचा ‘इको-फ्रेंडली’सारखा दावा खोटा वाटत असेल तर भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे किंवा ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे. बंदी असलेलं प्लॅस्टिक दुकानात असेल तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयाकडे, कारखान्यात बनत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयाकडे.

साचा काढा, खोकं लहान करा अशा विनंत्या यांपैकी कुठल्याही दारी नेऊ नका. ती त्यांची कामं नाहीत. आणि पातळ पिशवी देणाऱ्या भाजीवाल्या मावशींवर थेट दंडाची तक्रार करण्याआधी त्यांना पिशव्या पुरवणाऱ्या ठोक दुकानाचं नाव विचारा. तक्रार तिथली करा.

टप्पा १० : बदल झाला म्हणाले, तर पाकिटावर पाहा

‘बदल केला आहे’ असं पत्र आल्यावर लोक लगेच दुकानात जातात, जुनाच डबा दिसतो आणि कंपनी खोटं बोलली म्हणून पुन्हा पोस्ट टाकतात. दुकानातला साठा कित्येक महिने जुना असू शकतो. बदल कुठल्या महिन्याच्या पॅकिंगपासून लागू आहे ते कंपनीला विचारा, त्यानंतरच्या महिन्याचा शिक्का असलेलं पाकीट मिळेपर्यंत थांबा आणि तेही काट्यावर ठेवा. साचा गेला असेल तर नवा बॅच नंबर आणि नवं वजन घालून दोन ओळींचा मेल त्याच तिकिटाला पाठवा. साचा गेला पण त्याच्या जागी पाचवी पुडी आली असेल, आणि असं होतं, तर तेही त्याच मेलमध्ये लिहा, फोटोसकट.